अ‍ॅम्बॅसॅडरचं डिफरन्शियल : घरी काय बदलावं आणि कशाला हात लावू नये

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने गाडीच्या मागच्या आसावर बोलायचं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. पण आसाचा आणि आमच्या विषयाचा संबंध जुना आहे. पाली भाषेतल्या 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिनँडरला, म्हणजे मिलिंदाला, त्याच्या रथाबद्दल विचारतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ आहे तरी कुठे? वर्गात हा संवाद आपण वर्षानुवर्षं शिकवला, पण आस प्रत्यक्ष हातात घेऊन तो प्रश्न विचारायची वेळ निवृत्तीनंतर आली. आम्ही चार निवृत्त मंडळी मिळून एक जुनी अ‍ॅम्बॅसॅडर सांभाळतो. तिचं डिफरन्शियल आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये बदललं. ते काम काय असतं, आणि त्यातलं किती घरी करण्यासारखं असतं, एवढंच आज बघायचं आहे.

आधी हे यंत्र कशासाठी आहे ते पाहू. बैलगाडीला डिफरन्शियल लागत नाही. तिची दोन्ही चाकं आसावर मोकळी फिरतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, ते कापतं, आतलं कमी कापतं. कोणाचं कोणाशी भांडण नाही. अडचण कधी येते? चाकं ओढली न जाता चाकांनीच गाडी ढकलायची असते तेव्हा. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की केली तर वळणावर एकाला रस्त्यावर घासावंच लागेल.

किती घासावं लागेल याचा हिशोब करून बघा, मजेशीर आहे. अ‍ॅम्बॅसॅडरच्या दोन मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे १.३५ मीटर. गाडी काटकोनात वळली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा पाव वर्तुळाइतकं जास्त चालतं, आणि त्या पाव वर्तुळाची त्रिज्या म्हणजे हेच १.३५ मीटर. आकडा येतो सुमारे २.१ मीटर. वळण चौकातलं झटक्याचं असो की घाटातलं ऐसपैस, हा फरक बदलत नाही. फक्त किती अंशांतून वळलो यावर तो ठरतो. आता टायरचा परीघ साधारण दोन मीटर. म्हणजे प्रत्येक काटकोनी वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळजवळ एक पूर्ण फेरा जास्त मारतं. ऑफिसला जाऊन येताना अशी वीस वळणं घेतली असतील तर वीस वेळा. हा फेरा मुकाट्याने जिरवणारं यंत्र म्हणजे डिफरन्शियल. फ्रान्समध्ये ओनेसिफोर पेकर याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी त्याचं पेटंट घेतलं. पेट्रोलची मोटार तेव्हा जन्मायची होती.

आत काय असतं? इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट एका छोट्या दातेरी चाकाला फिरवतो, ते पिनियन. पिनियन एका मोठ्या ताटासारख्या चाकाला फिरवतं, ते क्राऊन. क्राऊनवर एक पिंजरा बसवलेला असतो, आणि पिंजऱ्यात चार-सहा लहान दातेरी चाकं. डाव्या-उजव्या हाफ शाफ्टची टोकं या लहान चाकांत येऊन बसतात. गाडी सरळ जाते तेव्हा लहान चाकं एकमेकांच्या संदर्भात स्थिर असतात, सगळा पिंजरा एकसंध फिरतो. वळण आलं की ती आपापसात फिरू लागतात. क्राऊनचा वेग हा नेहमी दोन चाकांच्या वेगांची सरासरी असतो. हे घरी पडताळता येतं. दोन्ही मागची चाकं उचला, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट्या दिशेने फिरेल, कारण क्राऊन थांबलेलं आहे आणि सरासरी शून्य यायला हवी.

ओढ मात्र दोन्ही चाकांना सारखीच मिळते, वेग निरनिराळे असले तरी. म्हणून एक चाक चिखलात गेलं की तेच गरगर फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं नुसतं बघत बसतं. त्याच्या वाट्यालाही तेवढीच क्षीण ओढ आलेली असते.

आता मुख्य गोष्ट. गाडी मागून आवाज करू लागली की लोक म्हणतात, 'डिफ गेलं.' हा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. आमचं मत असं आहे की या कामाचा निम्मा भाग पाना हातात घेण्याआधीच संपतो. धूर दिसला म्हणून अग्नी आहे, हे अनुमान शिकवताना नैयायिक एक अट घालतात : धूर आणि अग्नी यांचं साहचर्य कुठेही मोडता कामा नये. मागून येणारा आवाज आणि डिफरन्शियल यांचं साहचर्य पदोपदी मोडतं.

म्हणून आवाज कधी येतो आणि कधी बदलतो ते ऐका. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर बारीक रडल्यासारखा, हूंऽऽ असा स्वर येतो आणि पाय काढताच तो बदलतो किंवा नाहीसा होतो, असं असेल तर संशय क्राऊन-पिनियनवर. कारण पाय काढला की दातांची दुसरी बाजू भार घेते. अ‍ॅक्सिलरेटरशी काही देणंघेणं नसलेली, वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर असेल, आणि डावीकडे-उजवीकडे वळताना ती कमी-जास्त होत असेल, तर बहुधा चाकाचं बेअरिंग. डांबरी रस्त्यावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज बदलला तर टायर. गाडी उचलताना खट् असा एकच ठोका येतो तो बऱ्याचदा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा असतो. तो क्रॉस स्वस्त आहे आणि बदलायला सोपा. फक्त वळणावर कटकट होते, सरळ रस्त्यावर सगळं शांत, तर मात्र पिंजऱ्यातली लहान चाकं तपासायला हवीत, कारण ती वळणावरच काम करतात. थरथर एका ठराविक वेगालाच येत असेल तर पुन्हा प्रोपेलर शाफ्ट.

यानंतर ऑइल काढून बघा. भरायचा प्लग आधी उघडा आणि मग खालचा. क्रम उलटा केलात आणि वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला, तर ऑइल काढून बसाल आणि भरता येणार नाही. काढलेलं ऑइल पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात धरा. बारीक चमकी जुन्या गाडीत असतेच, तिला घाबरू नये. त्यात लोहचुंबक फिरवल्यावर नखाच्या टवक्यासारखे तुकडे चिकटले तर दात तुटलेला आहे, आणि मग चर्चा संपली. आमच्या गाडीच्या बाबतीत ती अशीच संपली.

आता बदलायचं म्हणजे नेमकं काय बदलायचं? इथे नागसेनाची आठवण येते. 'भाग' कोणाला म्हणायचं, हे दिसतं तितकं उघड नसतं. दुकानात क्राऊन वेगळं मिळतं, पिनियन वेगळं मिळतं, म्हणून ते दोन भाग, असं वाटणं साहजिक आहे. पण कारखान्यात ही दोन चाकं एकमेकांवर घासून, एकमेकांच्या दातांना जुळवून तयार होतात. दोघांवर जोडीचा खूण-क्रमांक असतो. एका जोडीचं क्राऊन दुसऱ्या जोडीच्या पिनियनशी बसवलं तर ते बसेल, फिरेल आणि रडेल, आणि काही दिवसांत दोघांचीही माती होईल. तेव्हा क्राऊन आणि पिनियन मिळून एकच भाग, हे पहिलं.

दुसरं, ही जोडीसुद्धा आपण घरी सुटी करून बसवू नये. दातांमधली मोकळीक मिलिमीटरच्या दशांश भागात मोजायची असते. पिनियन किती आत, किती बाहेर, हे पातळ वॉशर घालून ठरवतात. बेअरिंगवर आधीच किती दाब द्यायचा याचं माप असतं. मग दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहतात. ठसा दाताच्या मध्यावर हवा, टोकाला गेला तर पुन्हा सगळं खोला. यासाठी डायल गेज लागतो आणि त्याहून जास्त म्हणजे सवय लागते. ती सवय असलेला कारागीर जवळ असेल तर त्याला मान द्या, पैसे द्या आणि त्याचं काम त्याला करू द्या.

मग घरी काय करायचं? सुदैवाने या गाडीची रचना आपल्या बाजूची आहे. अ‍ॅम्बॅसॅडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. ती उत्तरपाड्याला १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत बनत होती. तिचा मागचा आस ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' कुळातला. एमजीए या स्पोर्ट्स कारचा आसही त्याच घराण्यातला. या आसाच्या मध्यभागी मोठी गोल पोकळी असते आणि तिच्या पुढच्या तोंडावर एक जाड बिडाचं घर नटांनी बसवलेलं असतं. पिनियन, क्राऊन, पिंजरा, बेअरिंग, सगळा संसार या घरात. ते घर अख्खं पुढे ओढून काढता येतं आणि तसंच अख्खं दुसरं बसवता येतं. आस गाडीखालीच राहतो, पाटे राहतात. आपण कापायचं ते इथे, या सांध्यावर. वस्तू तिच्या नैसर्गिक सांध्यांवर कापावी, असं प्लेटोच्या 'फीड्रस'मध्ये सॉक्रेटिस म्हणतो. तिथे दाखला वाईट खाटकाचा आहे. आपण चांगला मेकॅनिक समजू.

दुसरं घर आणायचं कुठून? मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजार. पुण्यात नाना पेठेत विचारपूस करावी. घेताना तीन गोष्टी पाहा. पिनियन हाताने फिरवून बघा, कुठे अडखळतं का. दातांवर खड्डे किंवा गंजाचे डाग आहेत का. आणि दात मोजा. क्राऊनचे ४१ आणि पिनियनचे ९ असतील तर गुणोत्तर ४.५५. क्राऊनचे ४३ आणि पिनियनचे १० असतील तर ४.३. पेट्रोल, डिझेल, पुढची १८०० आयएसझेड, सगळ्यांचं गुणोत्तर एकच असेल असं गृहीत धरू नका. आपल्या गाडीचं गुणोत्तर काही न उघडता कळतं : एक मागचं चाक जमिनीवर राहू द्या, दुसरं उचला, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, आणि पुढच्या चाकांना पाचर. उचललेलं चाक दोन फेरे फिरवा. सरासरीच्या नियमाने क्राऊन एक फेरा फिरेल. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरला ते खडूच्या खुणेवरून मोजा. साडेचाराच्या किंचित वर आला तर ४.५५. चुकीचं गुणोत्तर बसवलं तरी गाडी चालेल, पण चढावर दमेल किंवा सपाटीवर उगाच किंचाळेल, आणि स्पीडोमीटर खोटं बोलेल, कारण त्याची केबल गिअरबॉक्सवरून निघते. हाफ शाफ्टच्या टोकावरच्या खाचा नव्या घरातल्या खाचांशी जुळतात का, तेही बाजारातच पाहून घ्यावं.

आता जिथे जीव जाऊ शकतो ती गोष्ट. हिच्यावर आपण जरा थांबू.

गाडी उभी राहते ती कशाच्या जोरावर? हँडब्रेक आणि गिअर. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, आणि मागची चाकं आपण हवेत उचललेली आहेत. गिअर इंजिनाला चाकांशी बांधून ठेवतो तो प्रोपेलर शाफ्टमधून, आणि तो शाफ्ट आपण सोडणार आहोत. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर आपला रोजचा विश्वास असतो त्या दोन्ही या कामात निकामी होतात, आणि हे गाडीखाली झोपलेल्या माणसाला जाणवत नाही. गाडीला पुढे-मागे जाण्यापासून अडवतात त्या फक्त पुढच्या चाकांच्या पुढे आणि मागे ठोकलेल्या लाकडी पाचरी. विटा नकोत, विटा फुटतात. जमीन सपाट हवी; सोसायटीच्या पार्किंगला पाणी वाहून जायला उतार ठेवलेला असतो, तो आधी गोटी सोडून बघा. जॅक फक्त उचलण्यासाठी. उचलल्यावर आसाच्या दोन्ही नळ्यांखाली, पाट्यांच्या जवळ, चांगल्या वजनाचे जॅक स्टँड, आणि पेव्हर ब्लॉक असतील तर स्टँडखाली जाड फळी. मग गाडीला बाजूने जोरात धक्का देऊन बघा. हलायची असेल तर आत्ताच हलू दे. काढलेली चाकं गाडीच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा. आणि एकट्याने हे काम करायचं नाही. आमच्यात एक जण केवळ बाहेर बसण्यासाठी असे. पेपर वाचत बसे, पण बसे.

यापुढचं काम सोपं आहे. हँडब्रेक सोडून ब्रेक ड्रम काढायचे. आतली धूळ फुंकायची नाही आणि हवाही मारायची नाही. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बांधून टाका. हाफ शाफ्टच्या बाहेरच्या तबकडीचा स्क्रू काढला की शाफ्ट सरळ बाहेर ओढता येतो. पूर्ण काढायची गरज नाही, आतलं टोक पिंजऱ्यातून सुटलं की पुरे. या आसात चाकाचा हब वेगळ्या बेअरिंगवर नळीच्या बाहेरून बसलेला असतो, त्यामुळे हब जागेवरच राहतो आणि ब्रेकच्या पाइपला हात लावावा लागत नाही. ब्रेकमधली हवा काढत बसण्याचा त्रास वाचला.

प्रोपेलर शाफ्टच्या जोडावर दोन्ही बाजूंना मिळून एक खूण करा, म्हणजे तो होता तसाच परत जोडता येईल. चार बोल्ट काढा आणि शाफ्ट तारेने वर बांधून ठेवा. आता घराचे नट. सगळे सैल करा, पण वरचे दोन टोकापर्यंत राहू द्या. घर पॅकिंगला चिकटलेलं असतं. ते एकदम सुटलं की लोखंडाचा तो गोळा पुढे येतो, आणि खाली नेमकी आपली छाती असते. त्याच्याखाली चाकांचा जॅक किंवा फळ्यांचा थर लावूनच शेवटचे नट काढावेत. दोघांनी धरून खाली घ्यावं. आमच्या वयाला हे लागू आहेच, पण तरुणांनाही आहे.

बसवताना स्वच्छता, दुसरं काही नाही. पोकळीतला जुना गाळ रॉकेलने धुवा, तुटलेल्या दाताचे कण राहू देऊ नका. कागदी पॅकिंग नवं, त्याला दोन्ही बाजूंनी पातळ हात सीलंटचा. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, टॉर्क पान्याने, हँडबुकमधल्या मापाला. आसाच्या नळीवर वर एक छोटं श्वासछिद्र असतं, त्याच्याकडे कोणी बघत नाही. ते मातीने बुजलं तर गरम झालेली हवा ऑइलला सीलमधून बाहेर ढकलते, ऑइल ब्रेकच्या लायनिंगवर जातं, आणि मग मंडळी सील बदलत बसतात. तार घालून ते मोकळं करा.

ऑइल ईपी ९०, हायपॉइड गिअरसाठीचं. हायपॉइड म्हणजे ज्यात पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेलं असतं. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली जातो, पण दात एकमेकांवर नुसते गडगडत नाहीत, घसरतात. त्या दाबाखाली साधं ऑइल दातांमधून पिळून निघून जातं. साधारण सव्वा लिटर बसतं. आकड्यापेक्षा भरायच्या प्लगच्या कडेपर्यंत ऑइल यावं हे बघा, गाडी सपाट असताना. जुनं ऑइल डब्यात भरून गॅरेजला द्या. गटारात नाही.

पहिली फेरी दहा-पंधरा किलोमीटरची, बेताच्या वेगाने. थांबून घराजवळ हात न्या. कोमट ते गरम ठीक, हात ठेववत नाही इतकं तापलं तर काहीतरी जास्त आवळलेलं आहे. दुसऱ्या दिवशी खाली पुठ्ठा अंथरून गळती बघा.

व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारलं की एवढा मोठा भाग बदलल्यावर ती तीच गाडी राहिली का. न्याय-वैशेषिकांना विचाराल तर ते काटेकोर आहेत : अवयव बदलला की जुना अवयवी गेला आणि नवा उत्पन्न झाला. नागसेन म्हणेल, 'गाडी' हे भागांच्या आधाराने चालवलेलं नाव आहे, ते चालू राहील. आरटीओचं म्हणणं तिसरं. आरसी बुकात चॅसी नंबर आणि इंजिन नंबर असतो, डिफरन्शियलचा नसतो. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची तरतूद आली. तिथेही अट आहे ती चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसावा अशी. तेव्हा बाईंना आम्ही सांगितलं की कायद्याच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. तरी जुनं घर मात्र आम्ही भंगारात दिलेलं नाही. त्यातला पिंजरा आणि लहान चाकं शाबूत आहेत, आणि बेअरिंगही अजून बरी आहेत. ते ऑइलच्या फडक्यात गुंडाळून, पिनियनच्या खूण-क्रमांकाची चिठ्ठी बांधून, जिन्याखाली ठेवलं आहे.